नाकतोड्याच्या उडीवर पीएचडी होते का?

पत्र

सर, सप्रेम नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातली. एमएस्सी प्राणिशास्त्र झालं, सध्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, पास झाले आहे. नाकतोडे आणि तुडतुडे उडी कशी मारतात यावर मला पीएचडी करायची आहे. एमएस्सीच्या प्रोजेक्टपासून हा नाद लागलाय. पण गाइड सर म्हणतात, "आपल्याकडं ना कॅमेरा ना यंत्रं. उडी-बिडी सोड, तालुक्यातल्या कीटकांची विविधता घे, तीन वर्षांत मोकळी होशील." वडील म्हणतात, "नाकतोडा कसा उडतो हे सांगायला सरकार पगार देणार हाय का? त्यापेक्षा तो मरतो कशानं ते शोध." बारावीनंतर मी फिजिक्सला हात लावलेला नाही. गावात लोक हसतात ते वेगळंच. विषय बदलू की अडून बसू? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर

विषय बदलू नकोस. पण पत्रात लिहिलायस तसाच तो आरआरसीपुढं, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढं नेलास, तर समितीतला पहिलाच माणूस विचारील, "उडी कशी मारतात म्हणजे नेमकं मोजणार काय?" आणि तू तिथंच अडकशील. 'उडी कशी मारतात' हा प्रश्न फार मोठा आहे, आणि त्यातला बराचसा भाग पन्नास वर्षांपूर्वी सुटलेला आहे. त्यातला एक तुकडा तोडून घे. तुकडा एवढाच असावा की तुझ्या हातातल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला तो दिसेल.

आधी फिजिक्सची भीती काढून टाकू. हिशोबाला दोन ग्रॅम वजनाचा टोळ घे, तोही नाकतोड्यांतलाच. वाळवंटी टोळ जमीन सोडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण ३ मीटर असतो. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर येतं ९ मिलिज्यूल. दुमडलेला पाय ताठ व्हायला त्याला २० ते ३० मिलिसेकंद लागतात, २५ धरू. म्हणजे शक्ती झाली ०.३६ वॅट. आता हीच ऊर्जा त्यानं अर्ध्या सेकंदात सावकाश जमवली असं समज. मग लागते फक्त ०.०१८ वॅट. विसावा हिस्सा. झालं तुझं फिजिक्स. पहिल्या वर्षाला याच्यापुढं लागेल ती तरफ, फेकलेल्या वस्तूचा मार्ग आणि आलेखाचा उतार काढणं. हे सगळं अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहे, दिवाळीच्या सुट्टीत होऊन जाईल.

वीसपट फरकात सगळी गोम आहे. स्नायू जोरानं आकसतो तेव्हा हळू आकसतो आणि भरभर आकसायला लागला की त्याचा जोर ओसरतो. दोन्ही एकदम त्याला जमत नाही. नाकतोड्याच्या मांडीतला स्नायू एवढी शक्ती एवढ्या कमी वेळात देऊ शकत नाही, तरी उडी तर होते. मग तो गलोलीसारखं काम करतो: आधी सावकाश ताणायचं, धरून ठेवायचं, मग सोडायचं. एच. सी. बेनेट-क्लार्क यांनी १९७५ साली टोळाच्या उडीचा हा ऊर्जेचा हिशोब मोजमापांसह मांडला. त्यांचा तो लेख सगळ्यात आधी वाच. 'जर्नल ऑफ एक्स्परिमेंटल बायॉलॉजी'चे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, त्यामुळं लेख मिळत नाही ही सबब इथं चालायची नाही.

आणि वाचण्याच्याही आधी बघ. धुऱ्यावरच्या गवतातला एक मोठा नाकतोडा धर, त्याचा मागचा पाय हलकेच चिमटीत धर आणि साध्या भिंगातून गुडघ्याकडं बघ. मांडी जिथं संपते तिथं दोन्ही अंगांना चंद्रकोरीच्या आकाराचा एकेक गडद, टणक तुकडा दिसेल. उडीची निम्म्याच्या आसपास ऊर्जा या कोरींत साठते. उरलेली बरीचशी मांडीतल्या मोठ्या स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला कवचाशी जोडणाऱ्या दोरीत. उडीआधी कोर किंचित वाकते आणि उडताना सरळ होते. मग त्याला समोर ठेव, हात लावू नकोस, फक्त पाठीमागून सावली पाड. तो आधी नडगी पार मांडीला चिकटेपर्यंत मिटून घेतो आणि क्षणभर तसाच बसतो. बघणाऱ्याला वाटतं हा विचारात पडलाय. खरं म्हणजे त्या वेळात त्याचं ताणणं चाललेलं असतं. पाय उघडणारा आणि पाय मिटणारा असे दोन्ही स्नायू एकाच वेळी आकसलेले असतात, अर्ध्या सेकंदाच्या आसपास.

आता यात एक मौज आहे. उघडणारा स्नायू भला दांडगा आणि मिटणारा त्याच्यापुढं किडकिडीत. मग लहान्यानं मोठ्याला धरून ठेवायचं कसं? गुडघ्याजवळ मांडीच्या आत कवचाचा एक उंचवटा आहे. मिटणाऱ्या स्नायूची कंडरा त्याच्यावरून जाते, त्यामुळं पाय पूर्ण दुमडलेला असताना तिला तरफेचा भरपूर फायदा मिळतो. मोठ्या स्नायूची तरफ नेमकी त्याच स्थितीत सगळ्यात तोकडी असते. लहाना ढिला पडला की सगळं साठवण एकदम मोकळं होतं. डब्ल्यू. जे. हाइटलर यांनी १९७४ साली हा सांधा उलगडून दाखवला. मेलेल्या नाकतोड्याची मांडी उभी चिरलीस तर कॉलेजच्या साध्या डिसेक्शन मायक्रोस्कोपखाली तो उंचवटा तुलाही दिसेल.

हे सगळं झालेलं काम आहे, तू शोधणार नाहीस. ते माहीत नसताना 'या विषयावर भारतात कोणीच काम केलेलं नाही' असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात टाकू नकोस. आपल्याकडच्या निम्म्या सिनॉप्सिसमध्ये ते असतं आणि वाचणाऱ्याच्या कपाळावर तिथंच आठी पडते. इतरांचंही थोडं बघून ठेव. टॉर्केल वाइस-फॉग यांनी १९६० साली टोळाच्या पंखाच्या बिजागरीत रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रथिन दाखवलं. १९६७ साली बेनेट-क्लार्क आणि लूसी यांनी पिसवाची उडी या रेझिलिनच्या भरवशावर होते असं मांडलं. पण पिसू जमिनीला रेटा पायाच्या कोणत्या भागानं देते यावर पुढं मतभेद राहिले, आणि ते मिटायला २०११ साल उजाडावं लागलं. केंब्रिजचे माल्कम बरोज आणि ग्रेगरी सटन यांनी वेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं की रेटा नडगी आणि तळपायाकडून जातो. पिसवासारख्या जिवाच्या पायाचा हिशोब लागायला ४४ वर्षं! तेव्हा तीन वर्षांत सगळी उडी आपणच सोडवू असा आव आणू नये.

याच दोघांचं २०१३ सालचं एक काम मात्र निव्वळ आनंदासाठी वाच. युरोपातल्या बागांत इस्सस नावाचा तुडतुड्यांच्या दूरच्या नात्यातला कीटक असतो. त्याच्या पिल्लांच्या मागच्या दोन पायांच्या मुळाशी चक्क दातेरी चाकं असतात. एकाचे दाते दुसऱ्यात बसतात, त्यामुळं दोन्ही पाय ३० मायक्रोसेकंदांच्या आत बरोबर सुटतात. शेवटची कात टाकली की ही चाकं जातात, प्रौढ कीटक त्यांच्याशिवायच उडतो. असं का, यावर अंदाज पुष्कळ आहेत. असली गोष्ट वाचून ज्याचा हात थांबत नाही त्यानं विविधतेची यादी करत तीन वर्षं काढू नयेत असं माझं मत आहे.

आता तुझ्या विषयाकडं. तू नाकतोडे आणि तुडतुडे दोन्ही लिहिलेस. तुडतुडे आज सोड. कपाशीवरचा तुडतुडा ज्या कुळातला, त्या कुळातल्या कीटकांचा पाय काही थोड्या मिलिसेकंदांत ताठ होतो. तुझा मोबाइल स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेत असेल, तर दोन चित्रांत ४ मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडतं. एका चित्रात तुडतुडा पानावर असेल, पुढच्यात नसेल. त्याच्यासाठी सेकंदाला हजारो चित्रं घेणारा कॅमेरा लागतो आणि तो लाखांच्या घरात जातो. नाकतोड्याचं तसं नाही. त्याच्या २५ मिलिसेकंदांत तुला सहा चित्रं मिळतील. पाय कसा उलगडला हे सांगायला सहा चित्रं अपुरीच, पण पाय जमिनीवरून सुटल्यानंतरच्या चार-पाच चित्रांवरून सुटतानाचा वेग आणि कोन चांगला निघतो. आणि ताणून बसण्याचा तो अर्धा सेकंद? त्यात १२० चित्रं येतात. उडीचा संथ भाग तुझ्या मोबाइलला स्वच्छ दिसतो आणि वेगवान भागाचं फक्त फळ मोजायचं आहे. तुझा प्रश्न या दोघांच्या मधे शोध.

मला सुचतो तो प्रश्न आपल्या हवामानातला आहे. परभणीची थंडी तुला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो आणि मे महिन्यात तोच ४२ च्या वर. कीटकाचं अंग बहुतेक बाहेरच्या हवेइतकंच गरम किंवा गार असतं. गारठ्यात स्नायू मंदावतात, पण कवचाची लवचीकता स्नायूइतकी थंडीवर अवलंबून असायचं कारण नाही. मग गारठलेल्या नाकतोड्याला ताणायला जास्त वेळ लागेल आणि तरीही सुटताना तो जवळपास तितक्याच वेगानं सुटेल का? शॅमेलिऑन सरड्याच्या जिभेवर २०१० साली असंच काम झालं. थंडीत जीभ बाहेर फेकण्याचा वेग फार पडत नाही कारण ती ताणलेल्या भागांच्या जोरावर सुटते. आत ओढण्याचं काम थेट स्नायूचं, ते मात्र चांगलंच मंदावतं. टोळांवर तापमानाचं काही काम झालेलं असणारच, ते आधी हुडकून काढ. पण आपल्या शिवारातल्या जातींवर, १० ते ४० अंशांच्या पट्ट्यात, ताणायचा वेळ आणि सुटायचा वेग दोन्ही एकाच जिवावर मोजणं हा पीएचडीचा कणा होऊ शकतो.

त्याला दुसरं प्रकरण जोडता येईल ते कात टाकण्याचं. कात टाकल्यावर कवच मऊ असतं, आणि नवा प्रौढ टोळ पहिले काही दिवस नीट उडी मारत नाही. कवच टणक होत जाईल तसा त्याचा वेग वाढतो. पिंजऱ्यात पिल्लं वाढवलीस तर हे रोज मोजता येईल. माझा कल तापमानाकडं आहे, कात पुरवणी म्हणून.

यंत्रांचं एवढं मोठं होत नाही. मागं आलेख कागद, बाजूला पट्टी, मोबाइल तिवईवर, नाकतोडा कॅमेऱ्याला आडवा उडेल अशी अरुंद काचेची पेटी. तिरपा उडाला तर ती उडी बाद कर, दया दाखवू नकोस. सेकंदाला तीन मीटरनं जाणारा जीव दोन चित्रांमधे १२ मिलिमीटरहून जास्त सरकतो, म्हणून शटरचा वेळ कमी ठेव, नाहीतर नाकतोड्याऐवजी हिरवी रेघ येईल. शटर कमी केलं की उजेड भरपूर लागतो. तो ट्यूबलाइटचा नको. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरची जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि तुझी चित्रं एक उजळ, एक काळी अशी येतील. स्वस्त एलईडीही तसेच असतात. ऊन घे किंवा बॅटरीवरचा दिवा. भारनियमनाचीही चिंता मिटते.

मोबाइल खरोखर २४० चित्रं घेतो का याची खात्री कंपनीच्या डब्यावरून करू नकोस. एक मीटर उंचीवरून गोटी सोड आणि चित्रण कर. खाली यायला तिला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे १०८ च्या आसपास चित्रं मोजून यायला हवीत. ८० आली तर कॅमेरा खोटं बोलतोय. काही मोबाइल मधली चित्रं स्वतःच बनवून घालतात, तो प्रकार शोधून बंद कर. चित्रांवर बिंदू टिपायला ट्रॅकर आणि इमेजजे ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. वजनासाठी कॉलेजचा बारीक काटा आहे, तो कपाटात असेल आणि किल्ली कोणाकडं आहे हे शिपायालाच माहीत असेल. आधी शिपायाशी गोड बोल.

किती लांब उडाला ते मोजू नकोस. सोपं वाटतं म्हणून सगळे तेच मोजतात. तीन मीटरच्या वेगानं पंचेचाळीस अंशांत सुटलेली वस्तू ९० सेंटिमीटरच्या आसपास जाते, पण नाकतोडा मधेच पंख उघडतो, हवेचा अडथळा येतो, कोन दर वेळी वेगळा पडतो, आणि लांबीच्या आकड्यात हे सगळं मिसळून जातं. सुटतानाचा वेगच खरा. म्हणून पिल्लं बरी, त्यांना उडायचे पंखच नसतात. ज्वारीच्या शिवारात दख्खनचा बिनपंखी नाकतोडा सापडला तर त्याच्यावर नक्की काम कर. कोलमेनिया हे त्याचं नाव, म्हैसूरचे सरकारी कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांच्यावरून पडलेलं. त्याला पळून जायला पायाशिवाय दुसरं काही नाही. आणि हो, एकाच नाकतोड्याच्या दहा उड्या म्हणजे दहा नाकतोडे होत नाहीत. संख्याशास्त्राची हीच चूक परीक्षक पहिल्यांदा पकडतात. शिवाय तो दमतो, त्यामुळं उड्यांमधे विश्रांती दे आणि कितवी उडी हे लिहून ठेव.

एक गोष्ट मोबाइलला दिसणार नाही. पाय मिटून बसलेला वेळ म्हणजे ताणण्याचाच वेळ, हे तू गृहीत धरशील. ते तपासायला स्नायूत बारीक तार घालून विद्युत संदेश टिपावे लागतात. ही सोय तुझ्याकडं नसणार, आणि तीन-चार आठवड्यांच्या कामासाठी ती उभीही करायची नाही. बेंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत संजय साने यांची प्रयोगशाळा कीटकांच्या उड्डाणावर काम करते. अशा ठिकाणी पत्र लिहावं. पत्रात 'मार्गदर्शन करावे' असं मोघम लिहू नये. माझ्याकडं इतक्या उड्यांचं चित्रण आहे, त्यात हे दिसतंय, हे तपासायला मला चार आठवडे अमुक सोय हवी, असं लिही. हातात आकडे असलेल्या पत्राला उत्तर यायची शक्यता कितीतरी जास्त असते. म्हणून ते आत्ता लिहू नकोस, पहिला हंगाम झाल्यावर लिही.

गाइड सरांचं. ते चुकीचं बोलत नाहीत. यंत्रांअभावी अडकून पडलेले विद्यार्थी त्यांनी बघितले असणार आणि तुझ्या प्रबंधावर सही त्यांची होणार आहे. शिवाय त्यांची यादी तुला लागणारच आहे. तू कोणत्या जातीची उडी मोजलीस हे पक्कं नसेल तर पुढचं सगळं पाण्यात. तेव्हा पहिलं प्रकरण त्यांच्या पद्धतीचं ठेव: तालुक्यातले नाकतोडे, जाती ओळखून, नमुने जपून. अडलेल्या जातींसाठी पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. दुसऱ्या प्रकरणापासून उडी. आणि सहमार्गदर्शक माग. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. भौतिकशास्त्रातलं कोणी चालेल, यंत्र अभियांत्रिकीचं मिळालं तर उत्तम. नांदेडच्या एसजीजीएससारख्या अभियांत्रिकी संस्थेत कंपनं आणि तरफा शिकवणारी माणसं आहेत. सुटीच्या दिवशी डब्यात चार नाकतोडे घेऊन जा आणि टेबलावर सोड. अर्जापेक्षा याचा परिणाम जास्त होतो. सरांना न विचारता जाऊ नकोस मात्र. एवढं करूनही सर यादीवरच अडून बसले, तर नोंदणीच्या आधी गाइड बदल. नोंदणीनंतर बदलणं किती जिकिरीचं असतं हे तुझ्या विभागातल्या कोणालाही विचार.

वडिलांचा प्रश्न पैशाचा आहे, त्याला पैशानंच उत्तर दे. वेग आणि ऊर्जा त्यांना सांगत बसू नकोस. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. ती नसेल तर तुझ्या प्रवर्गाप्रमाणं बार्टी, सारथी किंवा महाज्योती या सरकारी संस्थांची शिष्यवृत्ती. जाहिरात कधी निघते यावर डोळा ठेव, आणि मंजूर झाली तरी पैसे उशिरा येतात हे धरून चल. यातलं काहीच हाती नसेल तर पूर्णवेळ पीएचडीला बसू नकोस, हे मी स्पष्ट सांगतो. तासिकेचे पैसे किती आणि कधी मिळतात हे तुला ठाऊक आहे, त्यावर सहा वर्षं निघत नाहीत. नेट वर्षातून दोनदा होते. दोन प्रयत्न कर, तोवर शिकवत राहा आणि चित्रणं जमवत राहा. अर्धवेळ नोंदणीचीही सोय नियमांत आहे. आणि पीएचडी झाली की प्राध्यापकाची जागा ठेवलेलीच आहे असं त्यांना खोटं सांगू नकोस. भरती वर्षानुवर्षं रखडते हे त्यांनाही पेपरात दिसतं.

'तो मरतो कशानं ते शोध' हे मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. कपाशीची पानं कडेनं लाल पडून आकसली की तुझे वडील काय म्हणतात? तुडतुडे. ज्या वाणांच्या पानांवर लव दाट, त्यांच्यावर तुडतुडा कमी येतो, हे कापसावर काम करणाऱ्यांना फार जुन्या काळापासून माहीत आहे. २०१७ साली असं दिसलं की तुडतुड्यांच्या कुळात मागच्या पायाच्या तळव्याला खास मऊ गाद्या असतात, त्यांच्यामुळं गुळगुळीत पानावरून उडी घेताना पाय घसरत नाही. मग लवदार पानावर त्या गाद्यांचं काय होतं? तिथं त्याची उडी चुकते का? परभणीच्या कृषी विद्यापीठात हा प्रश्न विचारलास तर दार उघडेल. पण हे पीएचडीनंतरचं काम समज, किंवा वेगवान कॅमेरा उसना मिळाला तर शेवटचं प्रकरण. वडिलांना आजच सांगायला हरकत नाही, फक्त शब्द देऊ नकोस.

गावातल्या हसण्याबद्दल मी काही लिहीत नाही. जाळी घेऊन धुऱ्यावर फिरणाऱ्या माणसाला सगळीकडंच हसतात, आणि दुसऱ्या हंगामापर्यंत त्यातलीच पोरं तुला नाकतोडे धरून आणून देतील. त्यांना डबे देऊन ठेव.

हंगामाचा हिशोब आधी कर. नाकतोड्यांची अंडी जमिनीत असतात, पाऊस पडल्यावर पिल्लं निघतात, आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर हा तुझा सुगीचा काळ. नोंदणीला किमान तीन वर्षं म्हणजे प्रत्यक्षात तीन पावसाळे, त्यातला एखादा आपल्याकडं कोरडा जाणारच. कोर्सवर्क आणि पावसाळा एकत्र आला तर पहिलं वर्ष गेलंच समज. म्हणून नोंदणीची वाट न बघता याच पावसाळ्यात दोन-तीन जाती पिंजऱ्यात घाल. मच्छरदाणीच्या जाळीचा पिंजरा, तळाशी चार बोटं ओली वाळू अंड्यांसाठी, रोज ताजी हरळी किंवा ज्वारीची पानं. बंद बरणीत ठेवलेस तर पानांच्या वाफेनं बुरशी येते आणि दोन दिवसांत मरतात.

फवारलेल्या शेतातला नाकतोडा मोजायला घेऊ नकोस. कीटकनाशकं बहुतेक करून मज्जातंतूंवर मार करतात. अर्धवट बाधलेला नाकतोडा चालताना ठीक दिसतो पण त्याची उडी बिघडलेली असते, आणि तुझ्या आकड्यांत तो दोष कुठून आला हे नंतर कळायचं नाही. ज्या बांधावरून धरलास त्याच्या दोन्ही बाजूंना शेवटची फवारणी कधी झाली, कोणत्या औषधाची, हे वहीत रकाना पाडून लिही. त्या तारखा तुझ्या वडिलांना तोंडपाठ असतील.